माणिक इंग्रजीचा मास्तर होता

माणिक, तुझी शोकसभा अगदीच भिकार झाली.

माईक सारखा किंचाळत होता. फोटोला आणलेला हार मापाने मोठा निघाला आणि घसरून तुझ्या तोंडावर आला. त्यातून तुझं कपाळ आणि एक डोळा एवढंच दिसत होतं. हार सरळ करायला कुणी उठलं नाही, मीही उठलो नाही. आताच्या मुख्याध्यापकांनी तुला आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं, तरी शोकप्रस्ताव त्यांनीच वाचला. त्यात तू 'हाडाचा क्रीडाशिक्षक' होतास. मग तुझा एक माजी विद्यार्थी उठला. हल्ली तो कुठल्याशा पक्षाचं उपरणं गळ्यात घालून फिरतो. तो म्हणाला, माणिकसरांनी ताडकळसला कबड्डी दिली.

तुझा कबड्डीचा संघ मी पाहिला आहे. पाथरीला गेला, पहिल्याच सामन्यात हरला आणि जेवून परत आला. तुला कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तू लिंबाखाली खुर्ची टाकून तंबाखू मळत बसायचास आणि पोरं आपली आपण खेळायची. शिट्टी तुझ्या गळ्यात असे, पण ती वाजलेली मला तरी फारशी आठवत नाही. हे सगळं त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना माहीत होतं, तरी ते माना हलवत होते. मेलेल्या माणसाबद्दल काहीही बोललं तरी चालतं, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. तिचा मला फार तिटकारा आहे.

आणि मग मला उठवलं. ज्येष्ठ म्हणून. मी म्हणालो, माणिकराव शांत होते, सोशिक होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या. तू असतास तर फाटकाबाहेर जाऊन हसून आला असतास.

सभा संपल्यावर तुझी सुनीता फाटकाशी आली. ती आता परभणीला एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवते, हे तुला काय सांगायचं. तिने मला नमस्कार केला आणि विचारलं, "सर, आई म्हणते बाबा आधी इंग्रजीच शिकवायचे. खरं हाय का?"

"हो," मी म्हणालो.

"मग काढून का घेतलं? चुकत होते का?"

मी म्हणालो, "छे, छे. वेळापत्रकाची अडचण होती."

ती बरं म्हणाली आणि गेली. मी ताडकळसच्या स्टँडवर येऊन बसलो. दोन बस निघून गेल्या तरी उठलो नाही. वेळापत्रक मीच लिहायचो, माणिक. पर्यवेक्षक मी होतो. त्या पोरीने सरळ प्रश्न विचारला आणि मी तिला माझंच पाप सबब म्हणून सांगितलं. म्हणून हे लिहितो आहे. उशीर झाला आहे, तुझ्यापुरता तर फारच. पण तुझी मुलगी जिवंत आहे आणि तिला उत्तर मिळालेलं नाही.

तू शाळेत आलास तेव्हा मला अजिबात आवडला नव्हतास. मी औरंगाबादेत शिकून आलेलो. माझे उच्चार स्वच्छ होते, अक्षर छापल्यासारखं होतं. तू 'इस्कूल' आणि 'इस्टेशन' म्हणायचास. शर्टाचं वरचं बटण कायम तुटलेलं असायचं. दुसऱ्याच दिवशी तू मला "केशव" म्हणून हाक मारलीस, जसं काही आपण एकत्र म्हशी राखल्या होत्या. माझ्या डब्यातली भाजी न विचारता घ्यायचास आणि वर नावं ठेवायचास. हे मी आता प्रेमाने लिहीत नाही. मला ते तेव्हाही खटकायचं आणि आताही आठवलं की खटकतं.

आणि तुझं शिकवणं. इंग्रजीतल्या त्या जोड-क्रियापदांनी आपल्या पोरांचा जीव काढला होता. पुट म्हणजे ठेवणे, इथवर ठीक. पण पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे आणि पुट आउट म्हणजे विझवणे. मी फळ्यावर तक्ता आखायचो. डावीकडे क्रियापद, मधे तो छोटा शब्द, उजवीकडे अर्थ. रेघा पट्टीने. पोरं तो उतरवून घ्यायची, पाठ करायची आणि परीक्षेनंतर विसरायची. त्यांना आठवायचा तो माझा तक्ता, त्यातलं काही नाही.

एकदा तुझ्या वर्गाच्या खिडकीखाली मी उभा राहिलो. तुझ्या वर्गात हशा फार व्हायचा, म्हणून पर्यवेक्षक या नात्याने. तुझा आवाज आत घुमत होता.

"जीपमधी पुढं कोन बसतंय?"

"डायवर अन् क्लीनर, सर."

"अन् त्यांच्या मधी?"

"मधी बारका माणूस कोंबतेत, सर."

"हां. तर 'पुट' हाय डायवर, 'ऑफ' हाय क्लीनर. 'इट' लय बारकं हाय, त्याची जागा मधी. काय म्हनायचं?"

"पुट इट ऑफ."

"अन् 'द मीटिंग' जाड गिऱ्हाईक हाय. मधी बसलं तरी चालतंय, क्लीनरच्या मागं बसलं तरी चालतंय. पन 'इट'ला मागं बसवलं तर?"

"खड्ड्यात पडतंय, सर."

सगळा वर्ग हसला. तू टेबलावर थाप मारलीस. "आता गाडीपुढं उभं राहून हात हलवनारा एक असतोय. सोता काय करत न्हाई. नुस्तं, जाऊ शकता, जायला पायजे, जायाच पायजे. कोन त्यो?"

"सरपंच, सर."

"त्येच आपले कॅन, शुड अन् मस्ट. सरपंच बदलला म्हून डायवर-क्लीनर बदलतेत का?"

"न्हाई, सर."

"मंग पुढं कोनबी येऊ द्या. मागं पुट इट ऑफच."

घंटा झाली. मी खिडकीपासून हललो. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की हा माणूस गावंढळ आहे. दुसरी गोष्ट अशी, की हे बरोबर आहे. दुसरी मी लगेच दाबून टाकली.

त्या संध्याकाळी स्टँडकडे चालताना मी तुला म्हणालो, "माणिक, हे व्याकरण नाही. हे कीर्तन आहे."

"मंग कीर्तनाला लोकं येतेत की. तुझ्या तासाला येतेत का?"

"हजेरी लावतो म्हणून येतात."

"तेच म्हनलं."

आपला एक वाद अजून तसाच पडून आहे. तू म्हणायचास, इंग्रजी माणूस 'शुड हॅव' म्हणून आधी पस्तावतो आणि मग काय केलं ते सांगतो. आपण मराठीत आधी सगळी कहाणी सांगतो आणि 'करायला पाहिजे होतं' हे अगदी शेवटी, गाडी सुटल्यावर. मी म्हणालो, हा निव्वळ शब्दांचा क्रम आहे, त्यावरून माणसं ओळखायची नसतात. तू म्हणालास, "तू क्रमच ओळख, माणसं तुला जमायची न्हाईत." मी तुझ्याशी दोन दिवस बोललो नाही. वाद मात्र मनात चालू राहिला. इतकी वर्षं झाली, तुला निरुत्तर करील असं वाक्य मला अजून सापडलेलं नाही.

मग तपासणी आली. आता तरुण मास्तरांना हे कदाचित माहीत नसेल, पण आपल्या शाळेत तपासणीची एक रीत होती. साहेब येणार म्हटलं की हुशार पोरं पुढच्या बाकांवर बसवायची. ढ पोरांना त्या दिवशी शेतात काम असल्याचं सांगून घरी ठेवायचं. नमुना पाठ आठवडाभर घोटून घ्यायचा. आणि सगळ्यांनी हात वर करायचे. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. साहेबाला दिसतं की सगळा वर्ग हात वर करतोय आणि मास्तर फक्त उजव्या हाताला उठवतो. ही युक्ती कुणाची ते विचारू नकोस. माझा वर्ग तिच्यात तरबेज होता, एवढं सांगतो.

साहेब माझ्या वर्गात आले. नमुना पाठ झाला. मग त्यांनी स्वतःच विचारलं, "तुमच्या मित्राने अभ्यास उद्यावर ढकलला आणि तो नापास झाला. त्याला इंग्रजीत काय म्हणाल?" सगळे हात वर गेले. सगळे डावे. साहेबांना त्यातलं काय कळणार. त्यांनी मोठ्या कौतुकाने एकाला उठवलं. तो उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. मी तक्त्याकडे बघत होतो. तक्त्यात 'पुट ऑफ' होतं, ठळक अक्षरात. वर्गातल्या कुणालाच ते वाक्यात बसवता आलं नाही.

नंतर साहेब तुझ्या वर्गात गेले, मी त्यांच्या मागे. तू पोरं निवडली नव्हतीस. रोजच्यासारखा पाठ चालू होता. साहेबांनी तोच प्रश्न टाकला. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "यू शुड नॉट हॅव पुट इट ऑफ." साहेबांनी भुवया उंचावल्या. हे कसं जुळवलंस, त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. डायवर, क्लीनर, मधलं बारकं, पुढे हात हलवणारा सरपंच. सगळं, हातवारे करून.

साहेबांना त्यांच्या गावचा सरपंच आठवला असावा. त्यांचं तोंड आंबट झालं. "हा इंग्रजीचा तास आहे की जीपचा अड्डा?" आणि मग माझ्याकडे वळून, "तुम्ही सीनियर आहात. ही पद्धत बरोबर आहे का?"

तू माझ्याकडे पाहिलंस. तुला जराही भीती नव्हती. मी आता तुझी टर उडवीन आणि मग म्हणेन की साहेब, पोरीचं उत्तर तर बरोबर आहे, अशी तुझी खात्री होती. तुझ्या ओठावर हसू यायला लागलं होतं.

मी म्हणालो, "नाही साहेब. ही बाजारू पद्धत आहे. पोरांचा पाया बिघडतो."

मला कुणी धमकावलं नव्हतं, माझं काही अडकलं नव्हतं. माझ्या पोरांचे डावे हात वर गेले होते आणि तुझ्या वर्गातल्या पोरीला उत्तर आलं होतं, एवढंच कारण. इतक्या क्षुद्र कारणासाठी माणूस एवढं करतो, हे मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असतं तर त्याला दारात उभं केलं नसतं.

जूनमध्ये मी वेळापत्रक लिहिलं. तुझ्या नावापुढे खेळ आणि कार्यानुभव. तुझं इंग्रजी मी माझ्याकडे आणि एका नवशिक्याकडे वाटून टाकलं. तू ते सूचनाफलकावर वाचलंस, वळलास आणि मला म्हणालास, "ठीक हाय, सर."

त्यानंतर तू मला कधी केशव म्हणाला नाहीस. डब्यातली भाजीही घेतली नाहीस.

आणि इथेच मला तुझा राग येतो, माणिक. मेलास तरी येतो. तू भांडला का नाहीस? संस्थेकडे जायचं होतंस. स्टाफरूममध्ये माझी गचांडी धरायची होतीस, ताकद होती तुझ्यात. खुर्ची टाकून लिंबाखाली बसलास, बस्स. मुकाट सोसणाऱ्या माणसाबद्दल मला कधी आदर वाटला नाही. सगळे मला सांगायचे, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस. मी मनात म्हणायचो, मोठा कसला, पाठीला कणाच नाही.

निवृत्तीनंतर मी परभणीला क्लास काढला. टाय घातलेला माझा फोटो फ्लेक्सवर झळकला. शेजारीच 'महिन्यात फाडफाड इंग्रजी'चा फ्लेक्स होता. त्याच्यातला मास्तर सुटात होता आणि त्याला तर 'हॅव' आणि 'हॅज'मधला फरकही धड सांगता येत नसे. मी त्याला हसायचो. पण माझ्या वर्गातली पोरं जांभया देत होती आणि त्याची टाळ्या वाजवत होती. एके दिवशी तक्ता आखता आखता मी खडू ठेवला आणि विचारलं, "जीपमध्ये पुढे कोण बसतं?"

दोन वर्षांत माझ्या क्लासला जागा पुरेना. लोक म्हणायचे, केशवसरांची जीप. मी कुणालाच दुरुस्त केलं नाही.

आणि तू काय केलंस? तू तुझी मुलगी माझ्याच क्लासला पाठवलीस. ताडकळसहून रोज बसने. पहिल्या दिवशी तिला पहिल्या बाकावर बघून मी फळ्याकडे तोंड वळवलं. मग मला वाटलं, बघ, याला अजूनही कणा नाही. माझ्या मनात तुझ्याबद्दल जी काही थोडी लाज उरली होती, तीही त्या दिवशी आटली.

इथवर लिहून ठेवलं आणि शोकसभेनंतर आठवडाभराने मी सुनीताकडे गेलो. खरं उत्तर द्यायला. तिने चहा ठेवला. मी बोलायच्या आतच तीच बोलायला लागली.

"बाबा तुमच्या क्लासचं रोज विचारायचे, सर. घरी गेलं की दारातच. आज सरांनी काय सांगितलं? पहिल्यांदा मी जीप सांगितली ना, तर असे हसले, असे हसले, की आई बाहेर आली काय झालं म्हणून."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"अन् एकदा म्हणाले, हे सराचं चुकायलंय. तुम्ही 'पुट अप विथ' म्हणजे सोसणं, असं शिकवलं होतं. त्यात 'इट' मधे का बसत नाही असं एकानं विचारलं, तर तुम्ही म्हणाला होता, अपवाद आहे, पाठ करा."

मला आठवलं. मी तसंच म्हणालो होतो.

"बाबा म्हणाले, अपवाद कशाचा? त्यातला 'अप' क्लीनर हाय, पन 'विथ' सवारीचा हात धरून आलेला हाय. 'इट' त्याला सोडून एकटं पुढं कसं बसंल? दोघं जोडीनं मागंच बसणार. उद्या जाऊन विचार सराला. माझं नाव काढू नको. नाव काढलं तर मुद्दाम उलटं शिकवतील."

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं होतं, तेही आठवलं. मी म्हणालो होतो, "हुशार पोरगी आहे." आणि त्यानंतर दरवर्षी तसंच शिकवलं. माझं म्हणून.

असं बऱ्याच वेळा झालं, ती म्हणाली. बाबा तिचंच पुस्तक चाळून हे काढत असतील, असं तिला वाटायचं. महिन्यातून एखादा तरी प्रश्न तू तिच्या हातून माझ्या वर्गात पाठवायचास. मी खिडकीखाली उभं राहून तुझा अर्धाच धडा चोरला होता. उरलेला अर्धा तू मला ताडकळसच्या ओट्यावर बसून, बसच्या तिकिटावर, पोरीच्या तोंडून शिकवलास. मी तुला बिनकण्याचा समजत होतो आणि माझा सगळा क्लास तू चालवत होतास. माणिक, तू माझं ऐकून घेणारा माणूस कधीच नव्हतास. मीच विसरलो होतो.

मग मी सुनीताला सगळं सांगितलं. डावे हात, साहेबांचा प्रश्न, माझं उत्तर, जूनचं वेळापत्रक. ती मधे एकदाच बोलली.

"साहेबांनी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं, बाबा बरोबर हायेत?"

"हो."

"पक्कं?"

"पक्कं."

तिने माझा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बी.ए.ला असताना मी एकदा बाबांना तोंडावर म्हणाले, तुम्ही शिट्टी वाजवा, यातलं तुम्हाला काय कळतंय. ते नुस्तं 'बरं' म्हणाले." तिने डोळे पुसले नाहीत. ते तसेच वाहू दिले. "हे तुम्ही माझ्याकडून करून घेतलं, सर."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हाताने थांबवलं.

"मी बी माझ्या वर्गाला सांगत आले, ही आमच्या केशवसरांची जीप. सोमवारी तुम्ही या अन् पोरांपुढं तुमच्या तोंडानं सांगा कुणाची ते. बाकी मग बघू."

सोमवारी मी गेलो. चकचकीत शाळा, फाटकावर इंग्रजीतून स्वागत, त्यात स्पेलिंगची चूक. मी ती दाखवली नाही. वर्गात उभा राहिलो आणि सांगितलं, की ती जीप सुनीता मॅडमच्या वडिलांची आहे. ते ताडकळसला इंग्रजीचे मास्तर होते, चांगले मास्तर होते, आणि मी खोटं बोलून त्यांचं इंग्रजी काढून घेतलं. पोरं शांत ऐकत होती. मग दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मग सर, तुमचं काय होतं?"

मी सुनीताकडे पाहिलं. ती माझ्या मदतीला आली नाही.

"काहीच नाही," मी म्हणालो.

"मागं जागा हाय, सर. बसा," सुनीता म्हणाली. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो, गुडघे बाकाखाली मावत नव्हते. तिने फळ्यावर तुझं नाव लिहिलं, त्याखाली आजचं जोड-क्रियापद लिहिलं, आणि पहिला प्रश्न मला विचारला. मी उभा राहून उत्तर दिलं.